लहान धंदा, मोठा कारखाना : तीन उद्योगांची हकिकत

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी मसाला विभागातून कोणीतरी लिहावे असे चिटणीसबाईंनी सुचविले आणि विभागातील भगिनींनी ते काम माझ्याकडे सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचा लेख माझ्याकडून होणार नाही. परंतु तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तके आणून वाचण्याची मला पहिल्यापासून गोडी आहे, माझे माहेर इचलकरंजीचे आहे, आणि गेली अकरा वर्षे मंडळाच्या मसाल्याचा जमाखर्च माझ्याकडे आहे. एवढ्या शिदोरीवर हा लेख लिहीत आहे.

लिहिण्यास एक कारणही घडले आहे. येत्या वार्षिक सभेपुढे एक प्रश्न येणार आहे. शहरातील एका मोठ्या व्यापाऱ्याने दरमहा पाचशे किलो कांदा-लसूण मसाला घेण्याची तयारी दाखविली आहे. पिशवीवर नाव मात्र त्याचे राहील आणि पैसे साठ दिवसांनी मिळतील. आज आपण सरासरीने महिन्याला ऐंशी किलो मसाला विकतो. एकदम सहापट धंदा! हे ऐकून पुष्कळ भगिनींना आनंद झाला आणि तो साहजिकच आहे. पण धंदा वाढतो म्हणजे काय होते, लहान धंदा कशाने वाढतो आणि मोठा कारखाना कशाने वाढतो, हे आधी नीट पाहावे असे मला वाटले. म्हणून आपल्या ओळखीच्या तीन उद्योगांची हकिकत येथे मांडते. पहिला उद्योग आपल्याच जिल्ह्यातला, दुसरा माझ्या माहेरचा आणि तिसरा मुंबईच्या गिरगावातला.

किर्लोस्करवाडी

किर्लोस्करवाडीचे स्टेशन आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिले आहे. तो एवढा मोठा कारखाना आरंभी एक लहानसे दुकान होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्यास दिली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावास आले. तेथे वडील बंधू रामूअण्णा यांच्या मदतीने सायकलींचे दुकान चालविले. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि फी घेऊन लोकांना चालविण्यास शिकवायच्या. या दुकानाच्या आधारावर पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केले.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक कोठे होते? लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर गावच्या सुताराकडे धान्याच्या बलुत्यावर मिळत असे, त्याला रोख पैसे कोण देणार? अशा वेळी बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली आणि कारखाना हलविण्याची पाळी आली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि भांडवलासाठी कर्जही दिले. १९१० साली त्या माळावर वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लक्ष्मणरावांची बुद्धी व कष्ट हे पहिल्यापासून होतेच. तेवढ्यावर दुकान चालले, नांगरही निघाला. पण कारखाना उभा राहण्यासाठी जमीन लागली, ओतशाळा लागली, यंत्रे लागली आणि माल विकला जाईपर्यंत कळ काढता येईल एवढा पैसा लागला. तो राजेसाहेबांच्या आश्रयाने मिळाला. १९२० साली त्या उद्योगाची मर्यादित कंपनी झाली, म्हणजे लोकांकडून भागभांडवल घेण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर वाढ झाली ती यंत्रे आणि नवनवा माल यांच्या जोरावर. नांगरापाठोपाठ चरक आले, पंप आले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे घडविण्याचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यास तेलावर चालणारी इंजिने आणि बंगळूरला विजेच्या मोटारी यांचे कारखाने निघाले.

मोठ्या कारखान्याला आणखी एक गोष्ट करावी लागते. गिऱ्हाईक ओळखीचे नसते, ते दूरदूरच्या गावी असते. म्हणून त्याला गिऱ्हाईक घडवावे लागते. १९२० साली वाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, त्यात आरंभी कारखान्याच्या मालाची व गिऱ्हाइकांची माहिती असे. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० साली आपल्या भगिनीवर्गासाठी 'स्त्री' मासिक सुरू झाले. ज्या 'स्त्री'ने आपल्या आज्या-पणज्यांना लिहितेवाचते केले, त्याचे मूळ एका नांगराच्या कारखान्यात होते, हे वाचून मला फार नवल वाटले.

तात्पर्य, मोठा कारखाना भांडवलाने, यंत्राने आणि नावाच्या प्रसिद्धीने वाढतो. त्याचे अंग जाड होत जाते. आंब्याच्या झाडासारखे त्याचे खोड वाढते, फांद्या दूरवर जातात. पण तो झाला एकच वृक्ष.

इचलकरंजी

आता माझ्या माहेरची हकिकत. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे उत्तेजन होते. मुंबईत तर त्याच्या पन्नास वर्षे आधी, १८५४ साली, कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली होती. गिरण्यांची धुराडी एवढी उंच, हजारो माणसे एकेका फाटकातून आत जात. त्यांच्यापुढे इचलकरंजीचे चार-आठ माग म्हणजे हत्तीपुढे मुंगी. तरीही शंभर वर्षांनी पाहावे तर मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद पडलेल्या आणि इचलकरंजीला लोक 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात. हे कसे घडले?

पुष्कळजण सांगतात की १९८२ च्या संपाने गिरण्या बुडविल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला, आणि त्यातील असंख्य कामगार पुन्हा कामावर गेलेच नाहीत, हे खरे आहे. परंतु ओघ त्यापूर्वीच फिरला होता. हातमागाला संरक्षण मिळावे म्हणून १९५० नंतरच्या दशकात सरकारने गिरण्यांच्या मागांची संख्या वाढविण्यावर बंधन घातले. गिरणीने वाढायचे नाही, तर वाढती मागणी कोण पुरविणार? ती यंत्रमागांनी पुरविली. गिरण्यांतून मोडीत निघालेले जुने माग स्वस्तात मिळत. ते आणावे, घराच्या सोप्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बसवावे आणि नवरा, बायको, भाऊ मिळून चालवावे. दोन मागांचे चार झाले की एक माणूस कामाला ठेवावा. अशा रीतीने एकेका गल्लीत शेकडो माग उभे राहिले.

लहान धंद्याच्या वाढीतले पुष्कळ चांगले गुण येथे दिसतात. थोडक्या भांडवलात आरंभ करता येतो. मालक स्वतः मागावर उभा असल्याने नासधूस कमी होते. बाजारात धोतराची मागणी कमी झाली तर महिन्याभरात दुसरे कापड लावता येते. मोठ्या गिरणीला हे इतक्या लवकर जमत नाही. शेजाऱ्याचे पाहून शेजारी शिकतो. सूत आणणारा, बीम भरणारा, माग दुरुस्त करणारा असे सगळे एकाच गावात असल्याने जो तो एकमेकांच्या आधाराने उभा राहतो.

पण मी त्या गावची लेक आहे. म्हणून नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसे कामाला असली की १९४८ चा कारखाना कायदा लागू होई. म्हणून कित्येकांनी एकाच शेडचे कागदोपत्री दोन-तीन भाग केले. म्हणजे धंदा लहान राहिला तो सोय म्हणून नव्हे, तर कायदा चुकविण्यासाठी. बारा बारा तासांची पाळी, आठवड्याच्या पगारात कापड खराब झाल्याचे पैसे कापणे, भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही. आमच्या गल्लीत बायका कांड्या भरीत. माझी आईही भरीत असे. दिवसभर उभे राहून तिच्या पायांना सूज येई. वाढ झाली हे खरे, पण तिचा काही भाग अशा कष्टांच्या अंगावर झाला.

आणखी एक शब्द सांगते. इचलकरंजीत 'खर्चीवाला' असा एक वर्ग आहे. खर्चीवाल्याचे माग स्वतःचे असतात, शेड स्वतःची असते, वीजबिल तो भरतो, कामगाराचा पगार तोच देतो. पण सूत व्यापाऱ्याचे आणि तयार कापडही व्यापाऱ्याचे. खर्चीवाल्याला फक्त विणण्याची मजुरी मिळते. माझे वडील चार मागांवर असेच खर्चीचे काम करीत. लोक त्यांना 'कारखानदार' म्हणत. परंतु ते ज्या व्यापाऱ्याचे काम घेत त्याने एका दिवाळीच्या तोंडावर मजुरीचा दर खाली आणला, तेव्हा त्यांना 'नाही' म्हणता आले नाही. कापड खपत होते, माग रात्रंदिवस चालू होते, पण बाजारात वडिलांचे नाव कोणालाच माहीत नव्हते. गिऱ्हाईक ओळखत होते ते व्यापाऱ्याच्या छापाला. दुसऱ्याकडे जावे तर तेथेही खर्चीचेच काम. पुढे दोन माग विकावे लागले.

यावरून मला जे समजले ते असे : धंदा वाढतो, म्हणून धंदा करणारा वाढतोच असे नाही. कच्चा माल, गिऱ्हाईक आणि नाव ही तिन्ही ज्याच्या हाती, वाढ त्याची. ज्याच्या हाती फक्त काम, त्याचे फक्त कष्ट वाढतात.

गिरगावच्या गच्चीवर

तिसरी हकिकत आपल्या मंडळाच्या सर्वांत जवळची आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात एका चाळीवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रिया पापड लाटायला बसल्या. त्यांत जसवंतीबेन पोपट या एक. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. आज तीच संस्था 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' म्हणून आपल्या सर्वांच्या स्वयंपाकघरात आहे. सुमारे पंचेचाळीस हजार भगिनी तिच्यात काम करतात. जसवंतीबेन यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

ही वाढ कशाने झाली? पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. फुटके पापड शेजाऱ्यांत वाटून टाकीत, पण पाकिटात घालीत नसत. आरंभी त्या एक उत्तम प्रतीचा आणि एक स्वस्त, हलक्या प्रतीचा असे दोन पापड काढीत. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख, ज्यांना सर्वजण छगनबापा म्हणत, त्यांनी सांगितले की प्रत कधीही उतरवू नका आणि हिशेब चोख ठेवा. तो सल्ला त्यांनी मानला. देणगी घ्यायची नाही असेही त्यांनी ठरविले. उसने पैसे फेडले.

पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम बंद ठेवावे लागले. पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली शेगडी पेटवायची. मोठ्या कारखान्याने अशा वेळी वाळवणयंत्र आणले असते. यांचे यंत्र म्हणजे एक खाट! लहान धंद्यातली वाढ पुष्कळदा अशीच, घरातल्याच वस्तूला नवीन काम देऊन होते.

दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे आणि तिसऱ्या वर्षाअखेर तीनशेच्या वर भगिनी झाल्या. गच्चीवर जागा पुरेना. तेव्हा त्यांनी मोठी जागा घेण्याऐवजी कामाची रीत बदलली. पीठ एका ठिकाणी मळायचे, भगिनींनी ते घरी न्यायचे, घरच्या पोळपाटावर लाटायचे आणि वाळलेले पापड केंद्रावर आणून द्यायचे. तेथे तपासणी व वजन होऊन लाटणावळ मिळायची. ज्या बाईला मूल सोडून बाहेर पडता येत नाही, तिलाही काम मिळाले. प्रत्येकीचे घर हाच कारखाना झाला. माझ्या मते त्या संस्थेची खरी वाढ या एका निर्णयात आहे.

१९६२ साली 'लिज्जत' हे नाव ठेवले. नाव सुचविण्यासाठी पाच रुपये बक्षिसाची स्पर्धा ठेवली होती. त्या सुमारास वर्षाची विक्री एक लाख ब्याऐंशी हजारांवर गेली. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने मान्यता देऊन आठ लाख रुपये खेळते भांडवल दिले. म्हणजे सात वर्षे आपल्या पैशावर चालून, हिशेब दाखवून, मग त्यांनी मोठी रक्कम हाती घेतली. कर्ज त्यांनी टाळले नाही. पण कर्ज आधी आणि धंदा नंतर, असे होऊ दिले नाही.

सगळेच साधले असेही नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. १९७९ च्या सुमारास चामड्याच्या वस्तू, काड्यापेट्या आणि अगरबत्ती करून पाहिली, तीही चालली नाही. परंतु एखादी शाखा बंद झाली किंवा एखादा माल चालला नाही, म्हणून मूळ संस्था बुडाली नाही. कारण त्यांची वाढ आंब्याच्या झाडासारखी नव्हती, केळीसारखी होती. केळीचे खोड फार जाड होत नाही. तिच्या बुडाशी पिले फुटतात. ते पिलू उपटून दुसरीकडे लावले की तिथे नवी केळ होते. एखादे पिलू जगत नाही, पण बाग राहते. १९६८ साली गुजरातेत वालोडला लिज्जतचे असेच एक पिलू लागले, ते चांगले रुजले आणि पुढे अनेक प्रांतांत बाग झाली.

आणखी दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. पहिली, तेथील प्रत्येक भगिनी मालकीण आहे, नफा-तोटा सर्वांचा. दुसरी, लाटण्याचे काम त्यांनी यंत्राला दिले नाही. पीठ दळण्यास गिरणी काढली, पाकिटे व छपाई यांचेही विभाग काढले, पण लाटणे हातातच ठेवले. यंत्राने पापड अधिक झाले असते, भगिनी मात्र कमी झाल्या असत्या. ज्यासाठी धंदा काढला तेच काम यंत्राला देऊन मिळविलेल्या वाढीला वाढ कशी म्हणावी?

तिन्हींचा मेळ

आता तिन्ही उद्योग एकमेकांशेजारी ठेवून पाहू. किर्लोस्करवाडीला आधी मोठे भांडवल लागले, कारण लोखंड ओतण्याची भट्टी घरच्या चुलीवर होत नाही. नांगर, पंप, इंजिन या वस्तू लहान धंद्याने करावयाच्या नव्हेतच. म्हणून मोठा कारखाना वाईट आणि लहान धंदा चांगला, असे मी म्हणत नाही. ज्या मालाला मोठी यंत्रे लागतात तो मोठ्यानेच करावा. तेथे यंत्र जितके मोठे तितका माल स्वस्त पडतो.

मसाला, पापड, लोणचे, शिवणकाम यांचे तसे नाही. तेथे यंत्रापेक्षा हाताची पारख मोठी. मिरची किती भाजावी, खोबरे कोणत्या रंगावर उतरवावे, हे यंत्राला सांगता येत नाही. अशा धंद्याला वाढविणाऱ्या गोष्टी चार : एकसारखी प्रत, रोखीचा व्यवहार, चोख हिशेब आणि कामात नव्या हातांना जागा. ज्या लहान धंद्याने या चार गोष्टी सांभाळल्या तो लिज्जतप्रमाणे वाढला. ज्याच्या हातून नाव आणि गिऱ्हाईक सुटले, तो माझ्या वडिलांप्रमाणे माग चालवीत राहिला आणि वाढला मात्र दुसरा.

यात रोखीची गोष्ट आपण बायकांनी विशेष ध्यानात घ्यावी. मोठा कारखाना बँकेच्या उधारीवर सहा महिने कळ काढू शकतो. लहान धंद्याचा पैसा मात्र रोज फिरावा लागतो. आजच्या विक्रीतून उद्याची मिरची येते. पैसा दोन महिने अडकला की धंदा नफ्यात असूनही बंद पडतो. चार वर्षांपूर्वी एका दुकानदाराने आपला मसाला उधारीवर नेला आणि पैसे तब्बल सहा महिन्यांनी दिले. त्या उन्हाळ्यात ऐन मिरचीच्या हंगामात आपल्याकडे खरेदीला पैसे नव्हते आणि पुढे पावसाळ्यात चढ्या भावाने मिरची घ्यावी लागली, हे जुन्या भगिनींना आठवत असेल.

आपल्यापुढील प्रश्न

आता व्यापाऱ्याच्या मागणीचा हिशेब पाहा. मसाल्याचा खर्च किलोला ३५० रुपये धरला तरी पाचशे किलोंचे पावणेदोन लाख रुपये होतात. साठ दिवसांची उधारी म्हणजे पहिला पैसा हाती येण्यापूर्वी दोन महिन्यांचे साडेतीन लाख रुपये आपले अडकणार. मंडळाच्या खात्यावर आज नव्वद हजार आहेत. बाकीचे कर्ज काढावे लागेल. व्याज आपले, मिरचीच्या भावाची जोखीम आपली, नाव मात्र त्याचे. वर्षभराने त्याने दर पाडला तर आपणही 'नाही' म्हणू शकणार नाही, कारण तोवर कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतील आणि घरोघरची आपली गिऱ्हाइके दुसरीकडे गेलेली असतील. भगिनींनो, यालाच माझ्या माहेरी खर्ची म्हणतात.

येथे कायद्याची एक माहिती उपयोगी पडेल. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ साली जो कायदा झाला, त्याप्रमाणे नोंदणी झालेल्या लहान उद्योगाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत. तेव्हा साठ दिवसांची अट आपण मान्य करण्याचे कारण नाही. मात्र आधी आपली नोंदणी झाली पाहिजे. ती या वर्षी अवश्य करून घ्यावी.

मग वाढायचेच नाही काय? अवश्य वाढायचे. आपल्या विभागात आज बावीस भगिनी आहेत आणि काम मागणाऱ्या आणखी तीस जणींची नावे वहीत लिहून ठेवली आहेत. त्यांतील कित्येकींची चूल या कामावर पेटणार आहे. त्यांना 'थांबा' म्हणून सांगताना मला संकोच वाटतो. म्हणून सभेपुढे माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन सूचना ठेवीत आहे.

पहिली, कांडपयंत्र आपण घ्यावे. सध्या हंगामात दुसऱ्याच्या कांडप गिरणीत आपण पैसे मोजून रांग लावतो. यंत्र आल्याने कोणाच्या हाताचे काम जाणार नाही, उलट कष्ट वाचतील. निवडणे, भाजणे आणि मिसळणे मात्र हातीच राहावे. यंत्रापुरते कर्ज काढण्यास माझी हरकत नाही. कांडपाचे जे पैसे आज बाहेर जातात त्यांतून हप्ता फिटेल.

दुसरी, नवीन तीस भगिनींसाठी नदीपलीकडच्या वस्तीत दुसरे केंद्र काढावे. प्रत व भाव एकच, पण हिशेबाची वही निराळी. ते रुजले तर तिसरे काढावे. नाही रुजले तर मूळ केंद्राला धक्का लागणार नाही.

तिसरी, त्या व्यापाऱ्याला नकार देऊ नये. महिन्याला शंभर किलो मसाला, आपल्या मंडळाच्या नावाच्या पिशवीत आणि पंधरा दिवसांत पैसे, असे त्याला नम्रपणे कळवावे. त्याला आपला मसाला खरोखर आवडला असेल तर तो घेईल. आणि त्याला फक्त स्वस्त मजुरी हवी असेल, तर तेही लवकर कळेल.

पंचवीस वर्षांपूर्वी ज्या भगिनींनी हे मंडळ स्थापले, त्यांनी पहिल्या वर्षी एकमेकींच्या घरचे पाटे-वरवंटे वापरून मसाला केला, असे आम्ही ऐकतो. त्यांच्यापैकी काही आज हयात नाहीत. त्यांनी आपल्या हाती दिलेली ठेव म्हणजे खात्यावरचे नव्वद हजार नव्हेत. आपल्या पिशवीवरचे नाव पाहून बाई दुसरी पिशवी हाती घेत नाही, हा जो विश्वास, तीच खरी ठेव. तो विश्वास आपल्याच नावाने वाढावा आणि त्यात आणखी तीस घरांना वाटा मिळावा, एवढीच इच्छा आहे. सभेस सर्व भगिनींनी अगत्य उपस्थित राहावे, माझ्या म्हणण्यात जे पटणार नाही ते मोकळेपणाने सांगावे आणि मग सर्वांनी मिळून ठरवावे.